ढाल पारखायची कुणी?

२०१४ च्या एप्रिल महिन्यात गूगलच्या प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं एक ॲप विकायला होतं. किंमत चार डॉलरला एक सेंट कमी. दहा हजारांवर लोकांनी ते घेतलं होतं आणि पाचपैकी सरासरी ४.७ तारे त्याच्या नावापुढे झळकत होते. ॲप उघडलं की एक ढाल दिसायची, ढालीवर फुली. ढालीवर बोट टेकवलं की फुली जाऊन तिथे बरोबरची खूण यायची. ‘अँड्रॉइड पोलिस’ या संकेतस्थळाने ॲप उलगडून आतला कोड वाचला, तेव्हा दिसलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण आणणं एवढंच काम ते करत होतं. व्हायरस शोधणारी एक ओळही आत नव्हती. गूगलने ॲप काढून टाकलं आणि ग्राहकांचे पैसे परत केले.

फसवणूक बाजारात नेहमीच असते. मला अस्वस्थ करतात ते ४.७ तारे. त्यांतले काही विकतचे असतीलही, पण खरोखर पैसे मोजलेल्या माणसालाही तक्रार करायला काही कारण नव्हतं. फोन चालत होता, फोटो जागेवर होते, बँकेतून पैसे गेले नव्हते, आणि ढाल सांगत होती की सगळं ठीक आहे. त्या माणसाने प्रामाणिकपणे आपलं समाधान नोंदवलं. त्या समाधानाचा आणि त्याच्या सुरक्षिततेचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

कुकरची शिट्टी होत नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. छत्री गळते हे पहिल्या पावसात कळतं. अँटिव्हायरस, व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर यांचं तसं नाही. त्यांनी काम चोख केलं तर काहीच घडत नाही, आणि काम केलंच नाही तरी बराच काळ काहीच घडत नाही. सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदारासारखं हे आहे. वर्षभर चोरी झाली नाही, म्हणजे तो रात्रभर जागा होता की चोर या गल्लीत फिरकलाच नाही, हे झोपलेल्या माणसाने कसं सांगावं? विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर ढकलला जातो, हे जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडलं. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. जुनी मोटार निदान ओळखीच्या मेकॅनिकला दाखवता येते. फोनमधली ढाल दाखवायची कुणाला?

म्हणून माझं म्हणणं असं, की सामान्य माणूस विकत घेतो त्या सायबर सुरक्षेच्या साधनांची स्वतंत्र चाचणी ही वजनमापांच्या तपासणीइतकीच मूलभूत गरज आहे. आणि ‘स्वतंत्र’ हा शब्द परीक्षकाच्या सज्जनपणावर सोडून चालणार नाही. चाचणीचा खर्च कोण करतो, माल कुठून आणला जातो आणि वाईट निकाल छापला जातो की नाही, यावरून ती स्वतंत्र आहे की नाही हे ठरतं.

आधी चाचणी म्हणजे काय ते पाहू. एक प्रयोग कुणालाही घरी करता येतो, मी केलेला आहे. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नावाने ६८ अक्षरांची एक ओळ प्रसिद्ध आहे. ती नोटपॅडमध्ये लिहायची आणि फाइल जतन करायची. मी जतन करण्याचं बटण दाबलं आणि फाइल पडद्यावर दिसायच्या आतच अँटिव्हायरसने ती उचलून कोंडून टाकली. ही ओळ पूर्ण निरुपद्रवी आहे. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवून टाकलं आहे, की ही ओळ दिसली की व्हायरस सापडल्यासारखं वागायचं. यातून काय सिद्ध झालं? घंटेची तार जोडलेली आहे, इतकंच. खरा चोर आल्यावर घंटा वाजेल का, हे त्या ओळीने कळत नाही. ते कळायला खरे चोर आणावे लागतात.

ते काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, लंडनची एसई लॅब्ज, आणि १९८९ मध्ये मासिक म्हणून सुरू झालेलं ब्रिटनचं व्हायरस बुलेटिन. एकसारखे संगणक मांडायचे, प्रत्येकावर एकेक उत्पादन चढवायचं, आणि त्याच दिवशी जगात प्रत्यक्ष फिरत असलेल्या घातक फाइली नि घातक पत्ते सगळ्यांवर सारखेच सोडायचे. काय अडलं, काय सुटलं, याची नोंद ठेवायची. एव्ही-टेस्टच्या नोंदींनुसार रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक आणि नको असलेले प्रोग्रॅम सापडतात. त्यामुळे मागच्या वर्षीचा चोर ओळखता येतो की नाही, याला फार किंमत नाही. त्यानंतर निर्दोष प्रोग्रॅम सोडायचे आणि खोट्या हाका मोजायच्या. दूधवाल्यावर आणि चोरावर सारखाच भुंकणारा कुत्रा राखणीच्या कामाचा नसतो. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय अशा तीन विषयांना सहा-सहा गुण देते, आणि खोट्या हाकांचे गुण सोयीच्या विषयातून कापले जातात.

या पद्धतीची ताकद २०१९ मध्ये दिसली. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जने प्ले स्टोअरवरची अडीचशे अँड्रॉइड सुरक्षा ॲप्स घेतली आणि प्रत्येकावर दोन हजार घातक ॲप्स सोडली. त्यांतली किमान तीस टक्के ओळखून एकही खोटी हाक न देणारी ॲप्स निघाली फक्त ऐंशी. तीस टक्के ही काही मोठी अपेक्षा नव्हती. शंभरपैकी सत्तर चोर सुटले तरी पास, असा तो निकष होता. उरलेल्यांतली काही कशी चालत होती, ते परीक्षकांनी उकलून दाखवलं. त्यांच्याकडे ओळखीच्या नावांची एक यादी होती. यादीत नाव असलं की ॲप चांगलं, नसलं की वाईट. ॲपच्या आत काय आहे हे बघायचंच नाही. ‘अडोबी’च्या नावाने सुरू होणारं कुठलंही ॲप त्यामुळे बिनदिक्कत आत जाऊ शकत होतं. काही ॲप्स बनवणारे तर यादीत स्वतःचंच नाव घालायला विसरले होते, आणि ती ॲप्स स्वतःलाच घातक ठरवत होती. प्ले स्टोअरच्या ताऱ्यांवरून हे कुणाला कधी समजलं असतं का?

चाचणीने माल सुधारतोही. २०१२ च्या अखेरीस एव्ही-टेस्टने मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्स या अँटिव्हायरसला प्रमाणपत्र नाकारलं. कंपनीने चाचणीच्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला. पुढच्या काही वर्षांत त्याच कंपनीचा विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर त्याच प्रयोगशाळेत पैकीच्या पैकी गुण मिळवू लागला. आज घरगुती वापराला वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यावा का, हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारतो तो त्या गुणपत्रिकांच्या आधारावरच.

इथवर प्रयोगशाळांची बाजू मांडली. पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. जिथे परीक्षा आली तिथे गाइडं आली आणि परीक्षेपुरता अभ्यास आला. २०१५ मध्ये एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, एव्ही-टेस्ट आणि व्हायरस बुलेटिन यांनी एकत्र निवेदन काढून चीनच्या किहू ३६० या कंपनीची त्या वर्षीची प्रमाणपत्रं मागे घेतली. चाचणीला पाठवलेल्या प्रतीत बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं व्हायरस शोधणारं इंजिन चालू होतं. कंपनीच्या घरच्या बाजारातल्या ग्राहकांना मिळणाऱ्या प्रतीत ते बंद होतं आणि कंपनीचं स्वतःचं इंजिन काम करत होतं. परीक्षेला एक मुलगा बसला आणि कामावर दुसराच रुजू झाला. काही दिवसांतच टेन्सेंट या दुसऱ्या चिनी कंपनीवरही तीच पाळी आली. तिच्या उत्पादनांत चाचणीतले गुण वाढवणारे, पण वापरणाऱ्याला जेमतेम उपयोगाचे फेरफार सापडले होते.

हा डाव जमला कशामुळे? चाचणीचा माल कंपनीकडून येत होता म्हणून. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून जाहिराती न घेता चालते आणि तपासायची वस्तू साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत आणते. यात तत्त्वनिष्ठा तर आहेच, पण त्याहून मोठा व्यवहारी शहाणपणा आहे. आपल्याला मिळणारी वस्तू आणि तपासलेली वस्तू एकच आहे, याची दुसरी हमी कुठली असणार?

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. या प्रयोगशाळांच्या मोठ्या चाचण्यांत सहभागी व्हायला कंपन्या शुल्क भरतात. परीक्षार्थीने परीक्षकाला फी द्यावी, हे आपल्याला नवं नाही, विद्यापीठंही तेच करतात. पण विद्यापीठाला विद्यार्थी वर्ग सोडून जाईल अशी भीती नसते. प्रयोगशाळेला असते. आणि जी प्रयोगशाळा कंपनीची मर्जी न बघता निकाल छापायला जाते, तिचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. टेक्सासच्या एनएसएस लॅब्जने २०१७ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या उत्पादनासकट अनेक उत्पादनांचे निकाल छापायचं ठरवलं, तेव्हा क्राउडस्ट्राइकने ते थांबवण्यासाठी कोर्ट गाठलं. मनाई मिळाली नाही, निकाल छापले गेले. पण खटला चालत राहिला, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि एनएसएसने आपलं मूल्यमापन मागे घेतलं. दरम्यान २०१८ मध्ये एनएसएसने उलट काही कंपन्यांवर आणि चाचण्यांचे मानदंड ठरवणाऱ्या ॲम्टसो या संघटनेवर संगनमताचा दावा लावला होता. तोही पुढे गेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एनएसएस लॅब्ज बंद झाली. या प्रकरणात कोण किती चुकलं यावर मतं वेगळी असतील. एनएसएसची पद्धत सदोष होती, असं क्राउडस्ट्राइकचं म्हणणं होतं, आणि सदोष चाचणीने चांगल्या मालाचं नाव खराब होऊ शकतं, हेही खरं आहे. पण चाचणीतला दोष उघड्या चर्चेत दाखवता येतो. त्यासाठी निकालच दाबायची गरज नसते.

हा दाबण्याचा हक्क कंपन्या मिळवतात कुठून? आपण न वाचता ‘मान्य आहे’ म्हणतो त्या करारातून. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातले डेव्हिड डीविट यांनी डेटाबेसच्या वेगाची तुलना प्रसिद्ध केली आणि तीत ओरॅकल मागे पडली. त्यानंतर कंपनीने परवान्यातच लिहिलं, की आमच्या संमतीशिवाय चाचणीचे निकाल छापायचे नाहीत. ते कलम आजही ‘डीविट कलम’ म्हणून ओळखलं जातं आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात पसरलं आहे. गिऱ्हाइकाने तांदूळ घरी नेऊन निवडावेत, पण किती खडे निघाले ते शेजारणीला सांगू नये, अशी अट कुठल्या वाण्याने घातली असती, तर आपण त्याच्या दुकानाची पायरी चढलो असतो का?

आणखी एक उणीव प्रामाणिकपणे सांगायला हवी. चोर किती पकडले हे प्रयोगशाळा मोजतात. रखवालदार स्वतः घरात काय करतो, हे त्या गुणांत येत नाही. अव्हास्ट हे चाचण्यांत नेहमी चांगले गुण मिळवणारं नाव. जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसी मॅग यांच्या पत्रकारांनी उघड केलं, की या कंपनीची जम्पशॉट ही उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. माणसं कुठल्या पानांवर जातात, काय शोधतात, हे सगळं. जम्पशॉट बंद झाली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. माहिती घेणाऱ्या कंपन्या शंभरहून अधिक होत्या. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. एकाही प्रयोगशाळेच्या गुणपत्रिकेत याचा एक गुण कापलेला नव्हता, कारण तो विषय परीक्षेलाच नव्हता.

व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणाऱ्या साधनांच्या, बाबतीत तर परीक्षेची जागा शिफारशींनीच घेतली आहे. ‘या वर्षीची सर्वोत्तम दहा व्हीपीएन’ अशा याद्या आपण वाचतो. यादीतल्या दुव्यावरून खरेदी झाली की यादी छापणाऱ्याला दलाली मिळते. २०२१ मध्ये गोष्ट त्याच्याही पुढे गेली. सायबरघोस्ट, झेनमेट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या व्हीपीएनची मालक असलेल्या केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस ही परीक्षणं छापणारी संकेतस्थळं चालवणारी कंपनी १४.९ कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी तिने एक्सप्रेसव्हीपीएनही ९३.६ कोटी डॉलरला घेतलं. माल त्यांचा, तराजू त्यांचा आणि तोलणाराही त्यांच्याच पगारावर. मालकी जाहीर केली म्हणून तोलणाऱ्याचा पगार दुसरीकडून येऊ लागत नाही.

आता आपल्या घराकडे येतो. माझी मावशी ठाण्यात राहते, वय अडुसष्ट. तिच्या फोनमध्ये मला तीन ‘क्लीनर’ आणि एक अँटिव्हायरस सापडला. अँटिव्हायरस दर दोन तासांनी सांगायचा, की ‘तुमचा फोन सुरक्षित आहे’. मी विचारलं, “मावशी, हे कुणी घालून दिलं?” ती म्हणाली, “अरे, लाखो लोकांनी चांगलं म्हटलंय त्याला. तू एकटाच शहाणा का?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिने जे केलं तेच कुठलाही समंजस माणूस करतो. चार लोकांना विचारतो. फक्त ते चार लोकही तिच्याइतकेच अंधारात आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिला भीती आहे ती लग्नपत्रिकेची. व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून फोनमध्ये ॲप चढवणारी एपीके फाइल येते, वाहतुकीच्या ई-चलानच्या नावाने येते, वीज तोडण्याच्या धमकीसोबत येते. उघडली की फोनमधले ओटीपी परक्याच्या हातात. आपल्याकडच्या माणसांवर रोज पडणाऱ्या या सापळ्यांपुढे मावशीच्या फोनमधली ढाल टिकते का, याची मराठीत छापलेली गुणपत्रिका तिच्यापर्यंत कधीच आलेली नाही. तिने कुणाला विचारायचं?

महाराष्ट्राला ही चाचणी झेपणार नाही, असं म्हणणाऱ्याने दोन गोष्टी आठवाव्यात. रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायला लागले, तेव्हा धाकट्या भावाने, संजय काटकर यांनी, ते काढायची साधनं लिहिली, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. म्हणजे ढाल घडवणारे हात या मातीत आहेत. ती ढाल पारखायला मात्र माग्डेबुर्ग आणि इन्सब्रुकला जावी लागते. दुसरी गोष्ट ग्राहक चळवळीची. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट बांधून महिन्याचं वाणसामान पारखून घ्यायचं आणि वाटायचं काम केलं. दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचं नाही, एकत्र येऊन माल तपासायचा, हे आपल्या आया-आजींनी डाळ-तांदळात करून दाखवलेलं आहे. बर्लिनची स्टिफटुंग वारेनटेस्ट ही संस्था सरकारने १९६४ मध्ये स्थापली, पण तिच्या निकालांत सरकारने ढवळाढवळ करायची नाही, हे तेव्हापासून पाळलं गेलं. तिथे हे जमलं, तर इथे का जमू नये?

कायद्याची तयारीही अगदीच नाही असं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. जाहिरात करणाऱ्याने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करावा, असं सांगणारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी काढलेलं मानकही आहे. केंद्राचा ग्राहक कल्याण निधी ग्राहक संस्थांना अनुदान देतो. कमी आहे ती प्रत्यक्ष चाचणी. अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा, ग्राहक संस्थेचं नाव आणि निधीतला थोडा पैसा, इतक्यावर सुरुवात होईल. नियम चारच असावेत. माल बाजारातून विकत घ्यायचा. कंपनीकडून एक पैसा घ्यायचा नाही. पद्धत आधी जाहीर करायची आणि वाईट निकालही छापायचा. गुणपत्रिकेत चोर पकडण्याइतकंच महत्त्व त्या ॲपने स्वतः कुठली माहिती बाहेर पाठवली याला द्यायचं. आणि चाचणीचे निकाल छापायला मनाई करणारं करारातलं कलम ग्राहकाच्या बाबतीत रद्दबातल धरावं, एवढी एक दुरुस्ती कायद्यात करून घ्यायची.

तोवर प्रत्येकाने निदान इतकं करावं. ढाल विकत घेण्याआधी तिचे तारे मोजू नयेत, गेल्या वर्षभरातल्या दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल बघावेत. शिफारस वाचली की खाली मालक कोण आणि दलाली कुणाला, ते शोधावं. ॲप फुकट असेल, तर ते कशावर जगतं ते विचारावं. आणि ग्राहक संस्थेचे सभासद असाल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव जरूर मांडा: डाळ-तांदूळ जसे पारखले, तशी आता आपल्या फोनमधली ढाल आपणच पारखायची.